भांडवलासाठी उसनी आजी

पेरेग्रिन ऍशकोमकडे सगळं होतं. लंडनच्या नोकरीतून साठवलेले पैसे होते, कॉर्नवॉलमधल्या पोर्थलेवनच्या धक्क्यावर भाड्याने घेतलेली माशांची जुनी वखार होती, समुद्रशेवाळाचे कुरकुरीत काप तळणारं जर्मन यंत्र होतं, आणि अंगात मच्छीमारांचा म्हणून मिळतो तो लोकरी स्वेटर होता, जो त्या बंदरातल्या एकाही मच्छीमाराला परवडला नसता. नव्हती ती फक्त सांगण्यासारखी गोष्ट.

"गोष्ट म्हणजे काय?" त्याने पहिल्याच भेटीत विचारलं.

लोवेनाच्या खांद्यावर सात महिन्यांची टेगन होती, मांडीवर लॅपटॉप होता, आणि लॅपटॉपवर टेगनने ओकलेलं थोडंसं दूध होतं. बाळंतपणानंतरचं तिचं हे पहिलंच काम. कंपन्यांचा गाजावाजा करणं हा तिचा धंदा. स्वतःच्या घरात मात्र तिचं कुणी ऐकत नव्हतं.

"म्हणजे असं, की लोकांनी तुला पैसे का द्यावेत?"

"कारण समुद्री वनस्पतींची बाजारपेठ येत्या पाच वर्षांत, दरसाल सरासरी..." पेरीने सुरुवात केली. पेरी म्हणायचं त्याला, पूर्ण नाव घेईपर्यंत चहा निवायचा. तो बराच वेळ बोलला. थांबला तेव्हा लोवेना कुजबुजत्या आवाजात म्हणाली, "पेरी, ही पोर दोन दिवस झोपली नव्हती. तू बोलायला लागलास आणि गाढ झोपली. मी तुझे उपकार विसरणार नाही. पण पैसे असे मिळत नसतात रे."

पैसे हवे होते ते लोकांकडून. बँक हसली होती, सभ्यपणे, पण हसली होती. म्हणून आता वेबसाइटवर मोहीम. कुणीही यावं, दहा पौंडांपासून पुढे कितीही घालावेत, आणि त्या बदल्यात कंपनीचा एक तुकडा आपल्या नावावर करून घ्यावा. गणपतीची वर्गणी देणाऱ्याला निदान प्रसाद मिळतो. इथे वर्गणीदाराला मालक म्हणतात आणि मालकाला बहुधा काहीच मिळत नाही. झालंच तर शेवाळाच्या कापांवर जन्मभर सवलत. ठरल्या तारखेपर्यंत आकडा गाठला नाही तर ज्याचे पैसे त्याला परत, आणि लोवेनाची निम्मी फी समुद्रात.

या धंद्याची एक रीत आहे. रिकाम्या ताटात पहिलं नाणं कुणी टाकत नाही. म्हणून मोहीम उघडण्याआधी गुपचूप काका, मामा, शाळासोबती, जुने साहेब यांच्याकडून एक तृतीयांश ताट भरून घ्यायचं. मग दार उघडायचं आणि ओरडायचं, अहो बघा, उघडताच किती गर्दी! 'पहिल्याच सकाळी अभूतपूर्व प्रतिसाद' ही प्रेसनोट लोवेनाने त्या सकाळच्या तीन आठवडे आधीच लिहून ठेवली होती. यात खोटं काही नव्हतं. प्रतिसाद अभूतपूर्वच असणार होता, कारण तो आधी कुणाला दिसणार नव्हता.

राहिली होती ती गोष्ट.

"तुला आजी आहे?" लोवेनाने विचारलं.

"आहे की. गिल्डफर्डला. पत्ते खेळते, जिन पिते."

"तिने कधी शेवाळ गोळा केलंय?"

"तिने स्वतःची कपबशीसुद्धा कधी गोळा केलेली नाही."

लोवेनाने सुस्कारा सोडला. टेगन खांद्यावर चुळबुळली, तशी सवयीने तिच्या तोंडून तो आवाज निघाला: चीं-टक, चीं-टक. तिच्या घरातलं अंगाईगीत म्हणजे हे. तिच्या आईने, थेल्माने, लोवेनाला हेच म्हणून झोपवलं होतं आणि आता टेगनला झोपवत होती. हा आवाज होता एका बाबागाडीचा. लोवेनाची आजी लव्हडे, थेल्माची आई, ओहोटीला बाबागाडी घेऊन किनाऱ्यावर जायची, तिच्यात ओलं शेवाळ काठोकाठ भरायची, वर छोट्या थेल्माला ठेवायची आणि चढावरून ढकलत घरी आणायची. एक चाक कुरकुरायचं. गाडी कधीच मोडीत गेली, आजी गेली. कुरकुर तेवढी चौथ्या पिढीच्या कानात उरली.

आणि ते तिथे, त्या क्षणी, पेरीच्या लोकरी स्वेटरकडे बघता बघता लोवेनाच्या मनात आलं. मनात आलं ते येऊ द्यावं, माणूस आहे. पण तिने ते टाइप केलं.

'माझी आजी ओहोटीला बाबागाडी घेऊन किनाऱ्यावर जायची...'

पेरीने वाचलं. त्याचे डोळे भरून आले. "किती सुंदर बाई होती गं माझी आजी!"

आता फेनेलाबद्दल सांगायला हवं. ही वेबसाइटवाल्यांची तपासनीस. लोकांकडून पैसे मागताना एक शब्दही वावगा जाऊ नये म्हणून कायद्याने बसवलेली बाई, आणि काम चोख. 'कॉर्नवॉलचे सर्वांत लाडके काप' यावर तिने पुरावा मागितला. नव्हता. मग 'कॉर्नवॉलचे लाडके काप'. पुरावा? शेवटी 'कॉर्नवॉलमध्ये काहींनी खाल्लेले काप' इथवर गाडी आली. 'कंपनी वाढेल'चं 'कंपनी वाढू इच्छिते' झालं. प्रत्येक पानाखाली, प्रत्येक प्रेसनोटखाली ठळक अक्षरांत ओळ: भांडवल बुडू शकते. अशी ही फेनेला फोनवर आजीपाशी येऊन पोचली.

"आणि या आजीबाई... यांच्याबद्दल काही कागदपत्र?"

पेरी घोगऱ्या आवाजात म्हणाला, "ती आता आपल्यात नाही."

तशी ती खरंच त्यांच्यात नव्हती. गिल्डफर्डला होती.

"ओह. माफ करा हं," फेनेला म्हणाली आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळली. तळणयंत्राच्या वॅटला पुरावा मागणारी माणसं आजीला पुरावा मागत नाहीत. ते असभ्य दिसतं.

प्रेसनोट छापून आली. स्थानिक पेपराने पान तीनवर छापली, रेडिओवाल्यांनी वाचून दाखवली, कापांच्या पाकिटावर बाबागाडी ढकलणाऱ्या म्हातारीचं चित्र आलं. पेरी मुलाखती देत सुटला. प्रश्न अवघड आला की तो लोवेनाकडे बघायचा, लोवेना कॅमेऱ्यामागून नुसते ओठ हलवून उत्तर सांगायची, आणि पेरी ते असं म्हणायचा जणू आत्ताच आठवलं. दोघांचा हात इतका बसला होता की लोवेना टेगनला भरवतानाही ते करू शकायची. कुरकुरणाऱ्या चाकाचं मात्र तिने कुठेच लिहिलं नव्हतं, त्यालाही सांगितलं नव्हतं. का, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. तेवढं एक असू दे म्हणून ठेवलं होतं.

मोहीम उघडली आणि दुसऱ्याच दिवशी थेल्मा घडी घातलेला पेपर काखेत मारून लेकीच्या दारात उभी.

"पाखरा, हे वाचलंस का?"

"मी... हो. वाचलं."

"त्याची आजीसुद्धा गं!" थेल्मा खुर्चीत धपकन बसली. चेहरा उजळलेला. "बाबागाडीतून शेवाळ! वर पोर बसवून! मला आजवर वाटत होतं, जगात माझीच आई तेवढी येडी."

लोवेनाने पेपर उचलून टेबलावर उपडा ठेवला.

"शाळेत मला काय म्हणायचे माहितीय ना? शेवाळी थेल्मा. माझ्या शेजारी बाकावर बसायला तयार नसायच्या पोरी. चॅपलमध्ये प्रार्थनेला आमच्या पुढची बाई नाकाला रुमाल लावायची. आणि आता बघ, पेपरात छापून आलंय. मोठ्या माणसाच्या आजीने केलं की त्याला परंपरा म्हणतात. माझ्या आईने केलं तेव्हा वास म्हणायचे." ती हसली, डोळे पुसले. "एवढं खरं, आमची आई ते बटाट्याच्या वाफ्यात घालायची. ही त्याची बया तळून खायची म्हणे. माझ्या आईला कुणी ते तळून खा म्हटलं असतं तर तिने डॉक्टरला बोलावलं असतं."

"आई, ऐक..."

"तू ऐक. मी पैसे घातले."

"किती?"

"तुझ्या बाबांच्या होडीचे."

म्हणजे सगळे. बाबा गेल्यावर वर्षभर होडी धक्क्याला बांधून होती. मागच्या उन्हाळ्यात थेल्माने ती विकली होती आणि ते पैसे कशालाच लावले नव्हते. घर तापवणारा बॉयलर खोकत होता तरी नाही. म्हणायची, होडीचे आहेत, होडीसारख्याच कशात तरी जातील.

"आई! ते पैसे बुडू शकतात!"

"हो, परीक्षेत होतं ते." थेल्मा अभिमानाने म्हणाली. "त्या वेबसाइटने माझी परीक्षा घेतली. 'तुमचे सगळे पैसे बुडू शकतात का?' मी म्हटलं नाही, एवढा चांगला मुलगा. चूक म्हणाले. मग मी म्हटलं हो. तर म्हणे शाब्बास! पास! मग विचारलं, घालताय का? म्हटलं, आता पास झालेच आहे तर..." टेगनला तिने उचलून घेतलं. "सात दिवसांत मन बदललं तर परत देतात. पण माझं कशाला बदलेल? तूच घेतलेलं काम आहे ना? तू काय खोट्या माणसाचं काम घेणार आहेस? चीं-टक, चीं-टक, झोप गं शोने."

लोवेनाने आजवर शेकडो माणसांना पटवून दिलं होतं. पटायला नको असलेलं एकच माणूस जगात होतं, आणि तिची कला नेमकी तिथे फळाला आली होती.

सांगायचंच, असं तिने ठरवलं. सोमवारी सांगायला गेली तर थेल्मा ते पान कापून लव्हडेआजीच्या फोटोच्या चौकटीत खोचत होती. बुधवारी गेली तर शेजारची बाई बसली होती, तीच जिच्या आईने रुमाल लावला होता, आणि थेल्मा तिला पान वाचून दाखवत होती. सावकाश, प्रत्येक शब्द चाटूनपुसून. शुक्रवारी लोवेनाने फोन लावला, "आई, मला तुला एक..." म्हणाली, आणि टेगनने खुर्चीच्या कडेवर डोकं आपटून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच आपटलेल्या पोरीबद्दल लोवेनाला किंचित कृतज्ञता वाटली, आणि मग तिची तिलाच इतकी लाज वाटली की तीही पोरीबरोबर रडली.

शनिवार हा सातवा दिवस. आणि शनिवारीच पेरीचा 'मालकांचा चहा'.

मोहीम ऐंशी टक्क्यांवर येऊन रुतली होती. मोहिमा तिथे रुततातच. आपण बोलावल्याशिवाय उरलेले वीस टक्के येत नाहीत, असं लोवेनाचंच मत. म्हणून चॅपलच्या मागच्या दालनात चहाचा बेत. ज्यांनी पैसे घातले ते, ज्यांनी घालावेत ते, आणि टीव्हीची स्थानिक बातमीदार. लांब टेबलांवर स्कोन नावाचे गोल पाव, स्ट्रॉबेरीचा जॅम, आणि वाडग्यांतून दाट पिवळट साय. लोवेनाने पेरीला सगळं पढवलं होतं. शेवाळ कुठून येतं, किती येतं, नफ्याबद्दल एक शब्द नाही, भांडवल बुडू शकते हे हसत म्हणायचं. स्कोन कसा खायचा हे पढवलं नव्हतं. श्वास कसा घ्यायचा हे तरी कोण कुणाला पढवतं?

कॉर्नवॉलात आधी जॅम, मग वर साय. पलीकडे शेजारच्या डेव्हनमध्ये आधी साय, मग वर जॅम. यावरून लग्नं मोडलेली नाहीत, पण सासरी गेलेल्या मुली परत माहेरी येऊन जेवल्याची उदाहरणं आहेत.

"एक घास घेतानाचा शॉट मिळेल का?" बातमीदार म्हणाली. "आजीच्या आठवणीत."

पेरीने स्कोन उघडला. साईचा चमचा घेतला. भरघोस साय पसरवली, कडेकडेपर्यंत, मनापासून. त्यावर जॅमचा ठिपका ठेवला. आणि कॅमेऱ्याकडे बघून चावा घेतला.

दालनात चमच्यांचा आवाज थांबला.

लोवेना भिंतीपाशी टेगनला घेऊन उभी होती.

"डेव्हनचा आहे हा!" मागून कुणीतरी म्हणालं, घरात साप आहे म्हणावं तसं.

"अरे, याच्या आजीला कुणीतरी उठवा रे," हेडली नावाचे निवृत्त मच्छीमार गरजले. "बाईला काहीतरी बोलायचं असेल!"

दालन हसलं, पण ते हसणं चांगलं नव्हतं. पेरीने घास गिळला. तो लंडनजवळच्या सरेचा मुलगा. आपण काय केलं हे त्याला कळलंच नव्हतं, फक्त काहीतरी केलंय एवढं कळलं होतं. अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो.

"आमच्या आजीची हीच पद्धत होती," पेरी म्हणाला.

तेव्हा थेल्मा उठली. मालकीण म्हणून ती पुढच्या टेबलावर होती, निळा कोट घालून, जो ती फक्त लग्नाला आणि मर्तिकाला घालायची. तिचा आवाज मऊ होता. त्याला वाचवायलाच उठली होती ती, हे लोवेनाला पक्कं दिसत होतं.

"गप बसा रे सगळे. हेडली, तूसुद्धा. पोरगं घाबरलं ना. बाळ, एक सांग मला. तुझ्या आजीची ती बाबागाडी. तिचं चाक कुरकुरायचं का रे एखादं? खारं पाणी लागून? आमचं कुरकुरायचं."

दालन सैलावलं. पेरीचा चेहरा खुलला. अवघड प्रश्न आला होता; आता काय करायचं ते त्याला येत होतं. त्याने लोवेनाकडे पाहिलं.

आणि लोवेनाचे ओठ हलले. तिने ठरवून हलवले नाहीत. हात बसलेला होता, इतकंच. भाकरी थापणाऱ्या बाईचा हात तवा नसतानाही फिरतो तसे ते हलले: पुढचं डावं.

"हो!" पेरी म्हणाला. "पुढचं डावं चाक! अजून माझ्या कानात आहे तो आवाज!"

टाळ्या पडल्या. कुणीतरी "शाब्बास रे पोरा" म्हणालं. बातमीदाराच्या डोळ्यांत पाणी आलं. चुकीचं उत्तर दिलं असतं तर थेल्माने हसून सोडून दिलं असतं. उत्तर बरोबर होतं, आणि ते घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं.

थेल्माने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिने पेरीकडे पाहिलंही नाही. ती भिंतीपाशी आली आणि हात पुढे केले. "दे तिला इकडे," म्हणाली, आणि टेगनला घेऊन मागच्या दाराने बाहेर पडली.

लोवेना मागोमाग गेली. थेल्मा बंदराच्या कठड्यावर बसली होती. ओहोटी होती, शेवाळाचा तोच वास सुटला होता. टेगन आजीच्या निळ्या कोटाचं बटण चोखत होती.

"आई, मी सांगणार होते."

"कधी? आज पाचपर्यंतच मुदत आहे. परीक्षेत होतं ते."

"मला वाटलं नव्हतं की तू... मला वाटलं, कुणाचं काय जातंय. ती माझी आजी..."

"तुझी आजी होती. माझी आई होती." थेल्मा समुद्राकडे बघत म्हणाली. "अख्खं लहानपण वास सोसला मी तिचा. तो माझा होता गं. आठवडाभर मी गावाला वाचून दाखवत फिरले, बघा, अजून एक होती माझ्या आईसारखी. अजून एक नव्हतीच. तीच होती. आणि तिला तू त्याच्या नावावर करून दिलीस."

"चाकाचं मी कुठेच लिहिलं नव्हतं," लोवेना म्हणाली. रडू आवरत नव्हतं. "ते मी ठेवलं होतं."

"ठेवलं होतंस. मी पाहिलं ना, किती घट्ट ठेवलं होतंस ते."

थेल्माने पर्समधून फोन काढला, लांब धरला, जवळ धरला, मग लेकीच्या हातात दिला. "मला दिसत नाही. पैसे मागे घ्यायचं बटण कुठंय?"

लोवेनाने शोधलं. वेबसाइटला वाईट वाटलं, कारण विचारलं. मन बदललं, आर्थिक अडचण, इतर.

"इतर," थेल्मा म्हणाली.

"लिहायचं असतं त्यात काहीतरी."

"लिही. 'आधी जॅम.'"

लोवेनाने लिहिलं. हसू आणि रडू एकाच वेळी आलं की माणूस बेडकासारखा आवाज करतो. टेगन चमकून बघायला लागली.

"आणि सगळे नको काढू. दहा पौंड राहू दे."

"दहा कशाला?"

"दहावाल्याला वर्षाच्या सभेत प्रश्न विचारता येतो ना?"

"येतो."

"मग राहू दे." थेल्मा उठली, टेगनला लेकीकडे दिली. "आणि मला माझी आई परत हवी. कशी ते मला विचारू नकोस. देताना विचारलं होतंस?"

संध्याकाळी पेरीचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. स्कोनचा तो तुकडा बातम्यांत लागला होता, आणि तिथून घरोघरी पोचला होता. कॉर्नवॉलातल्या कितीतरी जणांनी पैसे मागे घेतले होते, शिव्यांसकट. पण डेव्हन! डेव्हन लोटला होता. प्लिमथपासून एक्सेटरपर्यंत लोक दहा-दहा, वीस-वीस पौंड घालत होते. अखेर पलीकडे एक तरी शहाणा माणूस सापडला म्हणून. आकडा ओलांडला होता.

"लोवेना, तू काय चीज आहेस! हे तू ठरवून केलंस ना? म्हणूनच मला सांगितलं नाहीस!"

"पेरी, आजी काढायची."

"काय?"

"पानावरून, पाकिटावरून, सगळीकडून. ती तुझी नाही."

"अगं, पण आजीवरच तर सगळं... आता जिंकल्यावर कशाला? आणि कुणाची आहे मग?"

"शेवाळी थेल्माच्या आईची," लोवेना म्हणाली आणि फोन ठेवला. तो काढणार नाही हे तिला माहीत होतं. सोमवारी सकाळी टेगनच्या तोंडात वाटाण्याचा लगदा घालता घालता तिने फेनेलाला फोन केला.

"संस्थापकाच्या आजीबद्दलच्या मजकुराला पुरावा नाही," ती म्हणाली. "तो मी लिहिलाय. खोटा आहे."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग फेनेला, जिने आयुष्यभर कशावरच विश्वास ठेवला नव्हता, दुखावलेल्या आवाजात म्हणाली, "आजीसुद्धा?"

"आजीसुद्धा."

नियम म्हणजे नियम. सगळ्या मालकांना पत्र गेलं: 'संस्थापकाच्या आजीविषयीचा मजकूर पुराव्याअभावी वगळण्यात आला आहे. इच्छा असल्यास आपण पैसे मागे घेऊ शकता. भांडवल बुडू शकते.' लोवेनाने खिडकीत उभं राहून आभाळ कोसळायची वाट पाहिली. उरलेली फी तर गेलीच होती. पेरीने तिला काढून टाकताना 'मनापासून शुभेच्छा' असं लिहिलं होतं. वर्तमानपत्रांत हसं होईल, लोक पळतील, मोहीम पडेल, आणि मग निदान थेल्माच्या पायाशी ठेवायला काहीतरी मोडलेलं असेल.

काहीही झालं नाही. डेव्हनवाल्यांना आजीशी कर्तव्यच नव्हतं, ते साईसाठी आले होते. पत्र वाचून पैसे काढणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले. त्यातलं एक नाव मात्र मोठं होतं: गिल्डफर्डच्या श्रीमती ऍशकोम. मोहीम उघडण्याआधी ताट भरून देणाऱ्यांत त्या पहिल्या होत्या; आपण शेवाळ वेचलं आणि मग वारलो, हे त्यांना आता, पत्र आल्यावर जुन्या बातम्या शोधल्या तेव्हा, कळलं. त्यांनी नातवाला फोन केला. नातू लोकरी स्वेटरमध्ये घामाघूम झाला म्हणतात.

कंपनी चालली आहे. पाकिटावर आता म्हातारी नाही. स्कोन आहे, साय खाली, जॅम वर.

थेल्मा महिनाभर लेकीशी कामापुरतं बोलली. रोज यायची, टेगनला घ्यायची, लोवेनाने केलेला चहा प्यायची, बरा झालाय म्हणायची. फोटोच्या चौकटीतलं ते कापलेलं पान तिने काढलं नव्हतं. फक्त पेरीच्या नावावर निळ्या पेनाने रेघ मारली होती आणि वर लिहिलं होतं: लव्हडे. 'तळून' खोडून लिहिलं होतं: बटाट्यांना. लोवेनाने ते पाहिलं. एवढी अचूक दुरुस्ती फेनेलालाही जमली नसती.

मग मार्चमध्ये एका सकाळी थेल्मा म्हणाली, "वाफा तयार करायचाय. चल. आणि पोरीची गाडी आण."

ओहोटी दूरवर गेली होती. लोवेनाने शेवाळ ओढून आणलं, थेल्माने ते टेगनच्या गाडीत दाबून भरलं. महागाची गाडी होती, तीन चाकी, धुण्याचा खर्च वेगळा. वर टेगनला ठेवलं. टेगनने एक पट्टा उचलून तोंडात घातला, विचार केला, आणि आजीला परत दिला.

"बघ," थेल्मा म्हणाली, "हिला कळतं. खायची वस्तू नव्हे."

चढावर गाडी मुकाट चालली होती. नव्या चाकांना आवाजच नव्हता. अर्ध्या वाटेवर थेल्माच्याने राहवेना. "चीं-टक," ती म्हणाली. लोवेनाने आईकडे चोरून पाहिलं, आणि भीत भीत, हलक्या आवाजात, साथ दिली.

वरून उतरणारा एक पाहुणा थबकला, गाडीकडे बघून हरखला. "अहो, हे त्या कापवाल्यांचं ना? मी पाहिलंय कुठेतरी! एक फोटो घेऊ?"

लोवेनाने ओठ मिटून घेतले. थेल्माने गाडी थांबवली, कंबरेवर हात ठेवला.

"बटाट्यांचं आहे," ती म्हणाली. "आणि फोटो काढायचा तर आधी विचार. मला नको, हिला. मालकीण ती आहे."

टेगनने त्याच्याकडे शेवाळ फेकलं.